खाटेशेजारचा लॉकर: ब्रश, कवळी आणि युरिन पॉट एकाच ठिकाणी?

पाऊलवाट
आई आठ महिन्यांपासून नर्सिंग होममधे आहे (वृद्धांची देखभाल करतात ते, बाळंतपणाचं नव्हे, आधीच सांगून टाकते नाहीतर पहिले चार प्रतिसाद त्यातच जातील). दोघींची खोली, मधे पडदा. परवा तिचा चष्मा सापडेना म्हणून खाटेशेजारचा लॉकर उघडला आणि बघतच राहिले. वरच्या खणात टूथब्रश आडवा पडलेला, ओला, कंगव्यात अडकलेला. शेजारी कवळीची डबी, तिला झाकण नाही आणि वर नावही नाही. मागे नेब्युलायझरचा (औषधाचा फवारा श्वासातून द्यायचं यंत्र) मास्क नळीसकट गुंडाळून कोंबलेला, आत पाण्याचे थेंब. खालच्या कप्प्यात अंग पुसायचं बेसिन, बेसिनात युरिन पॉट पालथा आणि त्या पॉटवर घडी केलेला स्वच्छ टॉवेल!!

इनचार्ज सिस्टरांना सांगितलं, माझा आवाज चढला जरा, खोटं कशाला बोलू. त्या म्हणाल्या बाहेर पसारा दिसायला नको म्हणून सगळं आत ठेवतो. ठीक. दुसऱ्या दिवशी गेले तर लॉकर रिकामा. ब्रश नवा कोरा, आणि बाकी सगळं एका मोठ्या पिशवीत बांधून "घरी घेऊन जा" म्हणून ठेवलेलं. त्यात तिचा रेडिओ, जुन्या पत्रांचा डबा आणि शाल पण. कारण काय तर इन्फेक्शन कंट्रोल. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, माझ्याशी बोलली नाही.

आता मला दोन्ही बाजूंनी अपराधी वाटतंय. तक्रार केली नसती तर तो पॉट तसाच राहिला असता, केली तर तिचं होतं नव्हतं ते गेलं. खाटेशेजारी नेमकं काय ठेवावं, कसं ठेवावं, कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा. तिथे काम करणारं कोणी असेल तर फारच बरं.

रात्रपाळी
सतरा वर्षं हेच काम करतेय, त्यातली बरीचशी रात्रपाळीत, म्हणून लिहिते. ताई, तुम्ही पाहिलंत ते मी असंख्य लॉकरमधे पाहिलंय आणि कबूल करते, सुरुवातीच्या काळात मीच तसं ठेवलंयसुद्धा. ते कसं होतं ते सांगते. पहाटे चारला पॉट दिला, घेतला, रिकामा केला, खळबळला, आता ठेवायचा कुठे? बाथरूममधे दोघींचे पॉट ठेवायला जागा नाही, स्टँड नाही, नाव नाही. जमिनीवर ठेवायचा नाही हे माहितीये. मग सगळ्यात जवळचं बंद होणारं दार कुठलं, तर लॉकरचं. तिकडून दुसरी बेल वाजत असते. झालं.

आमच्या एका जुन्या सिस्टर शिकवायच्या की वस्तूंच्या तीन जाती पाडा: तोंडाकडच्या, अंगाकडच्या आणि संडासाकडच्या. तिन्ही कधी एका कप्प्यात झोपवायच्या नाहीत. एकाच लॉकरमधे ठेवायची वेळ आली तर तोंडाकडचं वर, अंगाकडचं मधे. आणि संडासाकडचं लॉकरमधे नकोच, ते बाथरूममधे, नाव घालून, कोरडं करून, झाकून किंवा पिशवीत. बेडपॅन आणि तोंड धुवायचं बेसिन एकात एक ठेवणं म्हणजे तर कहर. दिसायला सारखीच भांडी असतात ना, म्हणून होतं ते.

रेडिओ आणि पत्रं काढून घेतली ते मात्र पूर्ण चूक आहे. तो इन्फेक्शन कंट्रोल नाही, तो राग आहे. रागावू नका हं कोणी, मी आमच्याच लोकांबद्दल बोलतेय.

तिरकस
मला एक कळत नाही. आयुष्यभर घरात चार जणांचे ब्रश एका पेल्यात ठेवले, ओल्या टॉवेलला तिघांनी तोंडं पुसली, कोणाला काय झालं? म्हातारपणी अचानक सगळं निर्जंतुक पाहिजे. माणसाला काचेच्या पेटीत ठेवा मग.

सूक्ष्मदर्शी
तिरकसराव, घरातल्या चार जणांचे जंतू चार जणांना ओळखीचे असतात आणि त्या चौघांना सहसा लघवीची नळी लावलेली नसते, पाठीला जखम नसते, महिन्याआड अँटिबायोटिकचा कोर्स नसतो. नर्सिंग होममधे हे सगळं एका छपराखाली असतं, वर तेच हात सकाळपासून वीस जणांना लागतात. फरक तिथे आहे.

मी लॅबमधे होतो, आता निवृत्त. त्या बेसिनबद्दल सांगतो कारण लोकांना तेच सगळ्यात निरुपद्रवी वाटतं. २००९ मधे अमेरिकेतल्या तीन हॉस्पिटलांमधून पेशंटची अंग पुसायची ९२ बेसिनं तपासली होती, त्यातल्या ९८ टक्क्यांमधे जंतू वाढले. म्हणजे जवळपास सगळीच. साबणाचं पाणी होतं ना त्यात, मग स्वच्छच असणार, असं आपण धरून चालतो. पण अंग पुसून झाल्यावर त्याच पाण्यात त्वचेवरचं सगळं उतरलेलं असतं, पाणी ओतलं तरी तळाला ओल राहते, त्यात आपण साबणाची डबी, पावडर, कधी उरलेली पॅड्स भरून ठेवतो, त्यामुळे ते वाळतच नाही. ओल आणि अंधार, जंतूला अजून काय पाहिजे. बेसिन धुवायचं, पुसून कोरडं करायचं, पालथं ठेवायचं आणि त्यात सामान साठवायचं नाही. बास एवढंच.

सुक्या जागेचीही फार खात्री बाळगू नका. एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा जंतू) कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी महिने टिकतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू निदान सात दिवस. सी. डिफ या जुलाब करणाऱ्या जंतूचे बीजाणू तर महिनोन् महिने पडून राहतात आणि त्यांना अल्कोहोलचा सॅनिटायझर काही करत नाही, म्हणून तिथे साबण पाण्यानेच हात धुवायचे आणि जागा क्लोरीनवाल्या द्रावणाने पुसायची. जुलाब चालू असलेल्या पेशंटच्या खोलीतून बाहेर येताना बाटलीतून दोन थेंब घेऊन हात चोळणारे बघितले की माझा जीव खालीवर होतो.

लेकीची_लेक
ब्रशबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे आजीच्या ब्रशला प्लॅस्टिकची टोपी घालून पाऊचमधे ठेवतो. ते बरोबर ना?

रात्रपाळी
नाही गं. बंद टोपीत ओल राहते, उलट जास्त वाढतात. झटकून उभा ठेवायचा, डोकं वर, हवा लागेल असा, शेजारणीच्या ब्रशला टेकणार नाही असा, आणि फ्लशच्या टाकीवर तर नाहीच. तीन-चार महिन्यांनी बदलायचा, केस वाकले तर त्याआधी.

आणि सगळ्यांना सांगते, ब्रश-कवळी हा सजावटीचा विषय नाहीये. तोंडातली घाण झोपेत श्वासनळीत उतरते आणि न्युमोनिया होतो, ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना जास्तच. आमच्या ट्रेनिंगमधे जपानचा एक अभ्यास सांगतात, २००२ चा, ११ नर्सिंग होममधली ४१७ माणसं. ज्यांची रोज जेवणानंतर तोंडं नीट साफ केली त्यांच्यात दोन वर्षांत ११ टक्क्यांना न्युमोनिया झाला, बाकीच्यांत १९ टक्क्यांना. ना नवीन औषध ना मशीन, नुसता ब्रश! रात्री कवळी काढूनच झोपवायचं हेही त्यातच आलं. काढली की ब्रशने घासायची, थंड पाण्यात बुडवून ठेवायची (गरम पाण्याने वाकडी होते), डबीला झाकण आणि डबीवर नाव. डबी रोज धुवायची, हे सगळे विसरतात, कवळी चकाचक आणि डबीच्या तळाशी हिरवा थर.

पाऊलवाट
हिरवा नाही पण पांढरट थर होता. मी फोटो काढलाय, टाकत नाही इथे.

फडकंवाली
मी साफसफाईला आहे, लिहायची सवय नाही तेव्हा चुकलं माकलं समजून घ्या. सगळे लोक बोलतात लॉकर पुसत नाहीत, टेबल पुसत नाहीत, अहो पुसणार कसं, टेबलावर चौदा वस्तू असतात, प्रत्येक उचलायची म्हणजे आजी ओरडणार माझ्या वस्तूला हात लावू नको, नाही उचलली तर खालची जागा तशीच, आणि आमच्या हातात एका खोलीला किती मिनिटं ते ठरलेलं असतं. म्हणून मी काय करते, आजीला आधी विचारते, आजी दोन मिनिटं हे ट्रेमधे काढते आणि तुमच्या समोर परत तिथेच ठेवते, मग त्या ओरडत नाहीत, उलट सांगतात चष्मा डावीकडे ठेव. ट्रे ही भारी गोष्ट आहे, एकदम उचलता येतं एकदम ठेवता येतं. पिशव्या वाईट, पिशवीच्या आत काय आहे कोणालाच माहिती नसतं.

दुसरं म्हणजे औषध मारलं की लगेच सुकं करायचं नाही, बाटलीवर लिहिलेलं असतं किती वेळ ओलं राहायला पाहिजे, कोणाचं एक मिनिट कोणाचं दहा, तेवढा वेळ ओलं नाही राहिलं तर नुसता वास येतो बाकी काही होत नाही. आणि घाण असेल तर आधी साबणाने घाण काढायची मग औषध, घाणीवर औषध मारून उपयोग नाही. पुसायचं स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे, वरून खाली, बाथरूम सगळ्यात शेवटी आणि ते फडकं परत खोलीत आणायचं नाही, एका खाटेचं फडकं दुसऱ्या खाटेला नाही. हे मला शिकवायला तीन वर्षं कोणी आलं नाही, मी नवीन सुपरवायझर आल्यावर शिकले, त्याआधी मी पण एकाच फडक्याने सगळी लाईन पुसायचे, खरं सांगते. ब्लीच आणि संडासचं अ‍ॅसिड एकत्र करू नका हे पण शिकले, ते मात्र खोकून खोकून शिकले.

सगळ्यात घाण काय असतं विचाराल तर बेलचं बटण आणि टीव्हीचा रिमोट, आणि पडदा. पडदा सगळे ग्लव्हज घालून ओढतात.

सूक्ष्मदर्शी
फडकंवाली बाई, तुमचा प्रतिसाद आमच्या ट्रेनिंगच्या स्लाईडपेक्षा सरस आहे. त्या पडद्यावरून आठवलं, डब्ल्यूएचओने २००९ मधे हात धुण्याचे जे पाच क्षण सांगितले त्यातला पाचवा हाच: पेशंटला हात न लावता नुसता त्याच्या आसपासच्या वस्तूंना लावला तरी हात स्वच्छ करायचे. पहिले चार लोक पाठ म्हणून दाखवतात, पाचवा गळतो. सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद चोळायचं, साबण पाणी असेल तर सगळं धरून ४० ते ६० सेकंद. आणि ग्लव्हज म्हणजे धुतलेला हात नव्हे, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं असं मला नेहमी वाटतं.

तिरकस
बरं. ९८ टक्के वाचून मी गप्प बसतो. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. त्या आजींचा रेडिओ गेला त्याचं काय? असं करत करत माणसाकडे फक्त खाट उरते.

खाट_क्रमांक_७
मी स्वतः अशाच ठिकाणी राहतो. पक्षाघातानंतर उजवी बाजू चालत नाही, डाव्या हाताने टाईप करतोय तेव्हा उशीर लागतो. इथे सगळे आमच्याबद्दल बोलताहेत म्हणून म्हटलं आपणही तोंड उघडावं.

माझ्या जेवायच्या टेबलावर माझी लघवीची बाटली असते. वाचून तोंड वाकडं केलंत ना? रोज सिस्टर पण करतात. सांगतात काका ही इथे ठेवायची नाही. बरोबर आहे, ज्या टेबलावर ताट येतं तिथे बाटली नको, मलाही ती आवडत नाही. पण मला रात्री दोनला लागली तर मी काय करू? बेल दाबली की येतात, येतात पण दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी. बाथरूममधे ठेवलेली बाटली माझ्यासाठी दुसऱ्या गावात ठेवल्यासारखी आहे. एकदा खाली ठेवली होती, घ्यायला वाकलो आणि पडलो. खुबा वाचला, नशीब. तेव्हापासून ती टेबलावर. ती बाटली हट्टाने नाही तिथे, पडण्याच्या भीतीने आहे.

कोणीतरी तीन महिन्यांपूर्वी एक साधी गोष्ट केली. खाटेच्या डाव्या बाजूच्या दांडीला तारेची एक अडकवणी बसवली, बाटली तिच्यात राहते, झाकणासकट. हाताला येते, ताटापासून लांब, जमिनीपासून वर. एवढ्या एका अडकवणीने भांडण संपलं. त्याआधी दीड वर्ष आम्ही त्याच्यावर वाद घालत होतो आणि माझ्या फाईलमधे "सहकार्य करत नाहीत" असं लिहिलेलं होतं.

आणि एक. साफसफाईनंतर टेबल पाऊलभर लांब राहतं. पुसणाऱ्याच्या दृष्टीने खोली छान झालेली असते. माझ्या दृष्टीने चष्मा, पाणी, फोन आणि बेल चारही गेलेले असतात.

रात्रपाळी
काका, तुमचा प्रतिसाद मी उद्या आमच्या स्टाफरूममधे वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरते. "सहकार्य करत नाहीत" मी पण लिहिलंय लोकांच्या फाईलमधे. बघते आता त्यातल्या कोणाला अडकवणी हवी होती.

फक्त अडकवणी बसवताना एक बघा, दांडी आणि गादी यांच्यात फट वाढायला नको. खाटेच्या दांड्यांमधे माणूस अडकून जीव गेल्याच्या घटना झाल्यात, म्हणून डोक्याजवळच्या फटी १२० मिलिमीटरपेक्षा कमी ठेवायला सांगतात. आणि बाटली रोज धुवायची, त्यावर नाव, दुसऱ्याला द्यायची नाही.

कॅथेटरवाल्यांसाठी (लघवीची नळी लावलेल्यांसाठी) पण लिहून ठेवते, कारण नातेवाईक प्रेमाने पिशवी उचलून मांडीवर ठेवतात. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, नाहीतर लघवी परत वर जाते. पण जमिनीला टेकायची नाही. अडकवायची खाटेच्या न हलणाऱ्या भागाला, वर खाली होणाऱ्या दांडीला नाही, दांडी वर केली की पिशवी पण वर. रिकामी करताना प्रत्येकाचं मापाचं भांडं वेगळं, आणि नळीचं तोंड भांड्याला टेकू द्यायचं नाही. एकच भांडं घेऊन रांगेने सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या करत गेलं की काय होतं ते सूक्ष्मदर्शी सांगतील.

सूक्ष्मदर्शी
सांगायची गरज नाही, वाचणाऱ्याला कळलं.

धाग्यात अजून एक आलं नाहीये ते सांगतो, ओली उपकरणं. पाऊलवाट यांनी लिहिलेला नेब्युलायझरचा मास्क मला त्या पॉटपेक्षाही जास्त खटकला. पॉटमधलं निदान फुफ्फुसात जात नाही. नेब्युलायझर पाण्याचा बारीक फवारा करून थेट खाली उतरवतो, म्हणजे कपात कालचं पाणी असेल तर त्यातले जंतूही पोचवतो. वापरून झाला की सुटा करायचा, धुवायचा, स्टराइल पाण्याने खळबळायचा, मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच नाव लिहिलेल्या स्वच्छ पिशवीत. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत आणि सीपॅपमधे (झोपेत श्वासाला हवेचा दाब देणारं यंत्र) नळाचं पाणी घालू नये, आणि उरलेल्या पाण्यावर नवीन पाणी ओतत राहू नये, उरलेलं फेकून भरावं. लिजिओनेला हा जंतू अशाच साठलेल्या पाण्यात राहतो आणि तुषारांतून आत जातो. त्याचं नावच १९७६ च्या फिलाडेल्फियातल्या साथीवरून पडलं, लीजन नावाच्या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं तिथे.

लेकीची_लेक
आजीच्या शेजारच्या खाटेवरच्या आजींना डिमेन्शिया आहे. त्या फिरत फिरत सगळ्यांचे लॉकर उघडतात, एकदा माझ्या आजीची कवळी घालून बसल्या होत्या. हसू पण आलं आणि नंतर भीती पण वाटली. लॉकरला कुलूप लावलं तर आजीला उघडता येत नाही.

रात्रपाळी
यावर वेगळा धागा निघेल. तोंडात घालता येईल असं सगळं तिथे धोक्याचं. कवळी साफ करायच्या गोळ्या, त्या लोक गोळी म्हणून गिळतात. श्रवणयंत्राच्या बटण सेलचं तेच, दिसतात गोळीसारखे आणि कधी कधी लोक गोळ्यांच्या डबीतच ठेवतात त्यांना! कृपा करून नका ठेवू. गिळायला त्रास असणाऱ्यांचं पाणी घट्ट करायची पावडर असते, तिचा डबा बऱ्याच ठिकाणी उघडा टेबलावर असतो. इंग्लंडमधे एका माणसाने ती सुकी पावडर चुकून खाल्ली आणि घसा बंद होऊन गेला, त्यानंतर २०१५ मधे एनएचएसने (तिथली सरकारी आरोग्यसेवा) सगळ्यांना सूचना काढली. लघवी किंवा उलटी शोषून घ्यायला जे दाणेदार पाकीट मिळतं ना, जे पाणी लागलं की जेलीसारखं फुगतं, त्याच्याबद्दल पण तशीच सूचना निघाली २०१७ ला आणि परत २०१९ ला, म्हणजे पहिल्या सूचनेने भागलं नाही. सॅनिटायझरची बाटली पण अशा खोलीत उघड्यावर नको, तिथे आम्ही छोटी बाटली खिशाला लावून फिरतो.

कुलूप लॉकरच्या एकाच खणाला लावा, वरच्या. किल्ली आजीच्या मनगटाला किंवा सिस्टरांकडे, जे आजीला जमेल ते. क्रीम, डोळ्यांचे थेंब, जे काय औषध म्हणून आहे ते त्या खणात, आणि तेही आजी स्वतः घेऊ शकतात असं डॉक्टर-सिस्टरांनी ठरवलं असेल तरच, नाहीतर औषधाच्या खोलीत. थेंबाच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, बहुतेक बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकायच्या असतात. इन्सुलिनचं पेन एका माणसाचं एकच, सुई बदलली तरी दुसऱ्याला चालत नाही, रक्त मागे पेनात येऊ शकतं. बोट टोचायच्या यंत्राचं तेच. अशा एकत्र वापरामुळे वृद्धांच्या ठिकाणी हिपॅटायटिस बीच्या साथी झाल्यात.

तिरकस
नाव घालण्याबद्दल. प्रत्येक वस्तूवर नाव म्हणजे वसतिगृहातल्या पोरासारखं वाटत नाही का? माझ्या मामांच्या चपलेवर मार्करने आडनाव लिहिलेलं होतं, मला ते बघवायचं नाही.

खाट_क्रमांक_७
तिरकस, मला माझा ब्रश दुसऱ्याच्या तोंडात बघवत नाही, त्यापेक्षा नाव परवडलं. पण पॉटवर मोठ्या अक्षरात पूर्ण नाव आणि दारातून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसतंय, ते नको. खाली किंवा मागे लिहा. काम सिस्टरांचं आहे, पाहुण्यांचं नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची
वाचनमात्र होते, पण खरजेचा विषय आला नाही म्हणून लिहिते. आमच्या काकूंच्या तिथे चार जणांना खाज सुटली, आधी कोरडी त्वचा म्हणून क्रीम, मग अ‍ॅलर्जी म्हणून गोळ्या, असं करत दीड महिना गेला, तोवर काम करणाऱ्या दोघींना पण झाली. पहिल्यांदा होते तेव्हा चार ते सहा आठवडे काही जाणवतच नाही म्हणे, पण दुसऱ्याला मात्र लागते. शेवटी सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावलं. त्या दिवशी काकूंचं सगळं जाळायला काढलं होतं, शाल, लोकरीची टोपी, कापडी बाहुली. डॉक्टर आले म्हणून वाचलं. ते म्हणाले तो किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही, जे गरम पाण्यात धुता येतं ते ५० अंशांच्या वर धुवा, आणि जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा आणि परत द्या. बाहुली परत आली. (ज्यांची खरूज फार वाढून खपल्या धरतात त्यांचं जास्त कडक असतं, ते डॉक्टरांना विचारा.)

पाऊलवाट तुमच्या पत्रांच्या डब्याला तर काहीच झालेलं नव्हतं!

सूक्ष्मदर्शी
हाच मुद्दा आहे. रेडिओ पुसता येतो. पत्रं झाकणवाल्या, पुसता येणाऱ्या डब्यात राहू शकतात. शाल धुता येते. पुसता येतं, धुता येतं किंवा वाळवता येतं अशी कुठलीही वस्तू जंतूंच्या नावाखाली काढून घ्यायचं कारण नाही. काढायचं ते उघडं राहिलेलं नाशवंत खाणं, दोन तासांच्या वर बाहेर राहिलेलं, आणि फुलदाणीतलं आठवड्याचं पाणी. आणि कोणाला जखम असेल, प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल तर तिथे फुलदाणीच नको.

पाऊलवाट
सगळ्यांचे खूप आभार, रात्री दोनदा वाचला धागा. आज जाऊन आले. यावेळी आवाज न चढवता इनचार्ज सिस्टरांशी बसून बोलले, आणि खाट_७ काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या तुम्ही ओरडून गेलात त्या दिवशी वरून तपासणी होणार असल्याचा फोन आला होता, त्या घाईत ज्याच्यावर बोट ठेवलं जाईल ते सगळं काढलं. पटलं नाही मला, पण कळलं.

ठरलंय ते असं. पॉट बाथरूममधे, आईचा वरच्या हुकला शेजारच्या काकूंचा खालच्या, हुक पुढच्या आठवड्यात बसवतो म्हणालेत, तोवर झाकणाच्या दोन वेगळ्या बादल्या. बेसिन पालथं, रिकामं. ब्रश उभा, पेल्यात एकटा. मास्क वाळायला लॉकरच्या डोक्यावर एक जाळीचा ट्रे, आणि वाळल्यावर तो पिशवीत घालायचं काम कुठल्या पाळीचं ते कागदावर लिहून घेतलं, नाहीतर ते कोणाचंच राहत नाही. टेबलावर एक ट्रे, त्यात चष्मा, रेडिओ, पाणी, बेल. ट्रेच्या खाली टेबलावर रंगीत पट्टी चिकटवली, पुसून झालं की तिथेच परत, आणि टेबलाच्या चाकांसाठी जमिनीवर पण. ही पट्टीची कल्पना तिथल्या साफसफाईच्या मावशींची, मी फक्त कात्री धरली.

पत्रांच्या डब्यावर अजून अडलंय. कार्डबोर्डचा आहे, पुसता येत नाही, त्या म्हणतात प्लॅस्टिकचा आणा. आई म्हणते डबा हाच पाहिजे. मी डबाच दुसऱ्या मोठ्या डब्यात ठेवलाय सध्या.

आणि कवळीच्या नव्या डबीवर मी नाव लिहिलं तर आईने ते थुंकी लावून पुसून टाकलं (हो, इन्फेक्शन कंट्रोल!) आणि मार्कर मागून स्वतः लिहिलं. बरंच वाकडं आहे पण वाचता येतं.

रात्रपाळी
मार्कर दोन धुण्यात उडतो. वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, कडा नीट दाबून, नाहीतर कडेला चिकट घाण धरते. आणि झाकणावर नको, बुडाच्या डबीवर लिहायला सांगा त्यांना, झाकणं अदलाबदल होतात.